चेहऱ्यावरचं की मनातलं? भावनेसाठी नेमका शब्द कसा निवडावा

‘ती उदास होती’, ‘ती उदास दिसत होती’, ‘ती उदास वाटत होती’. तिन्ही वाक्यांत विशेषण एकच आहे, पण सांगणारा दर वेळी वेगळ्या जागी उभा आहे. पहिल्यात तो तिच्या मनात शिरला आहे. दुसऱ्यात तो समोर उभा राहून चेहरा पाहतो आहे. तिसऱ्यात तो स्वतःचा अंदाज सांगतो आहे. कथा, बातमी, अहवाल, अनुवाद, साधं पत्र, काहीही लिहिताना ही जागा आधी ठरवली तर शब्द चुकायचं प्रमाण बरंच कमी होतं. मराठीत चेहऱ्यासाठी वेगळे आणि मनासाठी वेगळे असे भरपूर शब्द आहेत, आणि ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात.

ही विभागणी नवी नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात भावनेचं कारण म्हणजे विभाव, आणि ती अंगावर, डोळ्यांत, बोलण्यात जशी उमटते तो अनुभाव. भावांची संख्या तिथे ४९ दिली आहे : ८ स्थायी (टिकून राहणारे), ३३ व्यभिचारी (येऊन-जाऊन राहणारे) आणि ८ सात्त्विक. लिहिणाऱ्याच्या सगळ्यात कामाचे हे शेवटचे आठ : स्तंभ (जागीच खिळणं), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभंग, वेपथू (कंप), वैवर्ण्य (रंग उडणं), अश्रू आणि प्रलय (भान हरपणं). हे दिसतात शरीरावर, पण मन एकाग्र झाल्याशिवाय येत नाहीत, असं तिथे मानलं आहे. म्हणून ‘तो खूप घाबरला’ यापेक्षा ‘त्याचा रंग उडाला’ हे वाक्य जास्त खरं वाटतं. वाचकाला माहीत असतं की रंग ठरवून उडवता येत नाही.

पहिली पायरी : शब्द कुठे राहतो ते तपासा

शब्द हाती आला की तो दोन वाक्यांत बसवून पाहा.

१. ‘आतून तो ___ होता, पण चेहऱ्यावर काहीच दिसू दिलं नाही.’
२. ‘त्याचा ___ चेहरा पाहून मी थांबलो.’

‘अस्वस्थ’ पहिल्या वाक्यात सहज बसतो, दुसऱ्यातही चालतो. म्हणजे तो दोन्हीकडचा. ‘रडवेला’ दुसऱ्यात बसतो, पण पहिल्यात घातला तर वाक्य स्वतःलाच खोडून काढतं : रडवेला होणं हे दिसण्यातच आहे. ‘असमाधानी’ पहिल्यात चोख बसतो, दुसऱ्यात ओढूनताणून. तर रडवेला, हिरमुसलेला, टवटवीत, म्लान, कावराबावरा हे बाहेरचे शब्द. खंत, रुखरुख, हुरहुर, हेवा, असूया, समाधान हे आतले. उदास, खिन्न, प्रसन्न, अस्वस्थ हे दोन्ही घरचे.

आतल्या शब्दांना स्वतःचा चेहरा नसतो, हे पक्कं धरून ठेवा. ‘तिच्या चेहऱ्यावर असूया होती’ असं लिहिलं की वाचकाचा रास्त प्रश्न येतो : म्हणजे नक्की काय दिसलं? तिथे दिसलेली गोष्ट लिहावी : ‘अभिनंदन करताना तिने ओठ आवळले’. असूया वाचक स्वतः ओळखतो.

एक तिसरा गट या दोन वाक्यांतून निसटतो, आणि सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. केविलवाणा, लोभस, गोंडस, भयानक, किळसवाणा, दयनीय हे शब्द ना त्या माणसाच्या मनातले, ना नुसत्या त्याच्या चेहऱ्याचे. ते पाहणाऱ्याच्या मनात काय झालं ते सांगतात. मूल केविलवाणं दिसतं तेव्हा कीव आपल्याला आलेली असते. मुलाला कदाचित नुसती भूक लागलेली असेल. त्यामुळे ‘त्याला केविलवाणं दुःख झालं’ हे वाक्य मोडतं, आणि ‘तो केविलवाणं हसला’ हे बसतं. अहवालात, बातमीत किंवा तक्रारीत हा गट शक्यतो टाळावा, कारण तिथे पाहणाऱ्याच्या भावनेला पुरावा म्हणून किंमत नसते.

‘-वाणा’ हा प्रत्यय दिसला की सावध व्हा. दीनवाणी नजर, ओशाळवाणं हसू, उदासवाणी संध्याकाळ, लाजिरवाणं वागणं : हे सगळे शब्द दिसणाऱ्या गोष्टीवर बसतात. माणूस लाजिरवाणा होत नाही. त्याचं कृत्य लाजिरवाणं असतं, आणि लाज त्याला वाटते किंवा वाटत नाही.

दुसरी पायरी : क्रियापद ठरवा

विशेषणापेक्षा क्रियापद जास्त काम करतं. ‘दिसणं’ म्हणजे डोळ्यांना पुरावा आहे. ‘वाटणं’ म्हणजे पाहणाऱ्याचा निष्कर्ष. ‘भासणं’ म्हणजे निष्कर्ष आहे, पण त्यावर पूर्ण विश्वास नाही. पुढे तो खोटा ठरायची शक्यता लेखकाने उघडी ठेवली आहे. ‘जाणवणं’ म्हणजे दिसलं काहीच नाही, तरी पोचलं. ‘तो शांत भासला’ असं लिहून पुढच्या परिच्छेदात तो खरोखर शांतच निघाला, तर वाचकाला उगाच फसल्यासारखं होतं. भासण्याचं देणं पुढे फेडावं लागतं.

‘वाटणं’ या क्रियापदात एक खोच आहे. ‘मला ते पत्र वाईट वाटलं’ म्हणजे पत्राचा दर्जा वाईट, हा माझा निवाडा. ‘मला त्या पत्राचं वाईट वाटलं’ म्हणजे दुःख माझं. निवाडा असेल तेव्हा क्रियापद त्या वस्तूच्या किंवा माणसाच्या लिंग-वचनाप्रमाणे चालतं : तो वाईट वाटला, ती वाईट वाटली, ते लोक वाईट वाटले. ‘वाईट वाटणं’ ही भावना असेल तेव्हा ते कायम ‘वाटलं’ असं नपुंसकलिंगी एकवचनीच राहतं, आणि कारणाला ‘-चं’ किंवा ‘-बद्दल’ लागतं. गोंधळ झाला की हा ‘-चं’ शोधायचा.

प्रत्येक भावनेचं क्रियापद ठरलेलं आहे. ते बदललं की वाक्य परकं लागतं. राग येतो, चीड येते, कीव येते, कंटाळा येतो. भीती वाटते, लाज वाटते, हेवा वाटतो, कौतुक वाटतं. आनंद होतो, पश्चात्ताप होतो, हिरमोड होतो. धक्का बसतो. धसका बसतो किंवा घेतला जातो. ढोबळ मानाने, जे लाटेसारखं उसळतं ते ‘येतं’, जे मनात रेंगाळतं ते ‘वाटतं’, आणि जे घटनेच्या परिणामी घडतं ते ‘होतं’. अपवाद आहेत (दुःख होतंही आणि वाटतंही), पण ‘मला राग वाटतो’ किंवा ‘मला आनंद येतो’ असं झालं की दुरुस्ती हवीच.

तिसरी पायरी : आलेलं आणि केलेलं वेगळं काढा

मराठीची खरी श्रीमंती इथे आहे. पुष्कळ भावनांसाठी दोन रचना मिळतात : एक ‘मला’ची, एक ‘मी’ची. ‘मला राग आला’ यात राग माझ्यावर येऊन आदळला, बाहेर अजून काही घडलेलं नाही. ‘मी रागावलो’ यात तो बाहेर पडला. ‘आई मला रागावली’ याचा तर सरळ अर्थच ‘आईने मला दटावलं’ असा होतो. म्हणून ‘तिला राग आला, पण ती रागावली नाही’ हे वाक्य मराठीत पूर्ण अर्थपूर्ण आहे.

या जोड्या जवळ ठेवा.

- लाज वाटणं आणि लाजणं. पहिली मनाला टोचणारी, बहुधा चुकीची किंवा अपमानाची. दुसरं दिसणारं, बहुधा गोड, नजर खाली वळवणारं. ‘चोरी पकडल्यावर तो लाजला’ हे चूक. तिथे त्याला लाज वाटली, किंवा तो खजील झाला.
- चीड येणं आणि चिडणं. चीड मोठ्या कारणाची असते, अन्यायाची, खोटेपणाची. चिडणं लहानसहान गोष्टींवरून, आणि आवाजात ऐकू येणारं. ‘भ्रष्टाचारावर चिडणारा तरुण’ म्हटलं की तरुण किरकिरा वाटू लागतो.
- हिरमोड होणं आणि हिरमुसणं. अपेक्षा मोडली हे आतलं; तोंड एवढंसं झालं हे बाहेरचं. मोठी माणसं हिरमोड लपवतात, मुलं हिरमुसतात.
- हसू येणं आणि हसणं, रडू येणं आणि रडणं. ‘मला हसू आलं, पण हसलो नाही’ यात एकही शब्द वाया गेलेला नाही.
- चेहरा पडणं आणि चेहरा पाडणं. नुसत्या एका कान्याने हेतू बदलतो. पडला तो आपोआप. पाडला तो समोरच्याने पाहावा म्हणून. ‘बातमी ऐकताच त्याने चेहरा पाडला’ असं लिहिलं तर तो दुःख दाखवतो आहे असा आरोप होतो.

सगळ्याच भावनांना ही जोडी नाही. ‘कंटाळा आला’ आणि ‘कंटाळला’ यांत आत-बाहेर असा फरक फारसा नाही. ‘घाबरला’ही लपवता येतं. त्यामुळे प्रत्येक शब्द पहिल्या पायरीच्या वाक्यांतून पुन्हा काढावा.

दुःखाचे शब्द

इथे थोडं थांबायला हवं, कारण ‘दुःखी’ हा एकच शब्द दहा जणांचं काम करताना दिसतो.

खिन्न म्हणजे मन मावळलेलं, काही करावंसं न वाटणारं. विषण्ण त्याहून खोल, बहुतेकदा मोठ्या आघातानंतरचं किंवा जगाकडे पाहून आलेलं. चपला हरवल्या म्हणून कोणी विषण्ण होत नाही. खेद हा औपचारिक शब्द, पत्रात आणि जाहीर निवेदनात शोभणारा. जवळच्या माणसाला ‘मला खेद वाटतो’ म्हटलं की मध्ये भिंत उभी राहते. खंत वर्षानुवर्षं राहते, आणि तिच्या मागे आपण न केलेली एखादी गोष्ट असते. रुखरुख तिची धाकटी बहीण : निघताना नीट निरोप घेतला नाही, एवढ्यावरही लागते. हळहळ दुसऱ्याच्या नुकसानीबद्दलची, आणि ती बोलून दाखवली जाते, म्हणून अर्धी बाहेरची. शोकाचंही तसंच, शोक ‘केला’ जातो, त्याला माणसं साक्षी असतात.

आता बाहेरचे. म्लान म्हणजे कोमेजलेलं, चेहऱ्यालाच लागणारं, आणि थोडं ग्रांथिक. मलूल हा शब्द दुःखाचा नाहीच. तो आजारी किंवा अशक्त दिसण्याचा आहे, तापाने मूल मलूल होतं. ‘प्रेमभंगाने तो मलूल झाला’ लिहिलं तर वाचक नकळत त्याच्या प्रकृतीची चौकशी करू लागतो. सुकलेला चेहरा भुकेने, उन्हाने, जागरणाने आणि काळजीनेही होतो. कारण वाक्यात सांगितलं नाही तर तो भावनेचा शब्द ठरत नाही.

आणि उदासीन. हा शब्द उदासचा भाऊ समजून वापरला जातो, पण आजच्या मराठीत त्याचा अर्थ बेफिकीर, रस नसलेला, तटस्थ असा होतो. ‘पालक मुलांच्या अभ्यासाबद्दल उदासीन आहेत’ म्हणजे त्यांना पर्वा नाही. ‘आजोबा गेल्यापासून आजी उदासीन असते’ असं लिहिणाऱ्याला बहुधा ‘उदास’ म्हणायचं असतं. निघणारा अर्थ मात्र भलताच.

राग, भीती, ओशाळणं

रागाच्या शब्दांत नातं तपासा. रुसण्यासाठी माया लागते. रुसलेल्याला कोणी तरी समजूत काढावी असं वाटत असतं, आणि अबोला, वळलेली पाठ, न जेवणं अशा दिसणाऱ्या गोष्टींतून तो ते सांगतो. कर्मचारी व्यवस्थापनावर रुसत नाहीत, नाराज होतात. त्रागा म्हणजे राग दुसऱ्याचा आणि शिक्षा स्वतःला : आदळआपट, ‘मीच जातो इथून’ अशी भाषा. तो पूर्णपणे बाहेरचा शब्द आहे. मनातल्या मनात त्रागा होत नाही. रोष बहुधा समूहाचा किंवा वरिष्ठाचा. वैताग हा रागापेक्षा थकव्याच्या जवळचा.

भीतीत वेळ तपासा. दचकणं क्षणाचं आणि शरीराचं. धास्ती पुढे होणाऱ्या गोष्टीची, धसका होऊन गेलेल्या गोष्टीचा. भेदरलेला माणूस डोळ्यांवरून कळतो. बावरणं नवख्या जागेत होतं; त्यात भीती असेलच असं नाही, संकोच पुरतो. गांगरणं आणि भांबावणं यांत भीतीपेक्षा काय करावं ते न सुचणं जास्त आहे, म्हणून हुशार आणि धीट माणूसही भांबावतो.

ओशाळणं, वरमणं, खजील होणं : तिन्ही चूक उघडी पडल्यावरचे. वरमण्यात आधी चढलेला आवाज खाली येतो, म्हणजे आधी तो चढलेला असायला हवा. ओशाळलेला माणूस बहुधा हसतो, तेच ते ओशाळवाणं हसू. खजील होण्यात हसू नसतं.

भाव, भावना, मुद्रा, आविर्भाव, आव

भावना मनात असते. भाव दोन्हीकडे चालतो : मनातला भाव आणि चेहऱ्यावरचे भाव. म्हणून ‘चेहऱ्यावरच्या भावना’ ऐवजी ‘चेहऱ्यावरचे भाव’ लिहावं. मुद्रा म्हणजे चेहऱ्याची ठरलेली, काही काळ टिकणारी ठेवण : गंभीर मुद्रा, त्रासिक मुद्रा. क्षणभर चमकून गेलेल्या गोष्टीला मुद्रा म्हणू नये, तिथे ‘छटा’ बरी. हावभाव सगळ्या शरीराचे, हातवाऱ्यांसह. आविर्भावात माणूस स्वतःला काय समजतो ते दिसतं : ‘सगळं आपल्यालाच कळतं अशा आविर्भावात तो बोलत होता’. त्यात खोटेपणा असेलच असं नाही. त्याचा स्वतःवर पूर्ण विश्वास असू शकतो. आव मात्र नेहमी खोटा. ‘आव आणला’ लिहिलं की आरोप झाला, मग पुढे-मागे पुरावा द्या.

भावनिक हा शब्द सध्या सगळ्यात जास्त भरडला जातो आहे. भावनिक म्हणजे भावनेशी संबंधित : भावनिक आधार, भावनिक प्रश्न. माणूस भावनिक होत नाही. तो भावुक होतो, हळवा होतो, गहिवरतो, भारावतो, आणि या चारांत फरक आहे. हळवेपण स्वभावात किंवा त्या घडीच्या मनात. गहिवर गळ्यात आणि डोळ्यांत. भारावणं मोठेपणाच्या दर्शनाने, त्यात दुःख नसतं. सद्गदित तर जवळजवळ कंठापुरताच शब्द. सद्गदित डोळे नसतात.

चौथी पायरी : सांगणाऱ्याला काय दिसू शकतं?

‘मी’ म्हणून लिहिताना स्वतःचा चेहरा दिसत नाही, हे लिहिण्याच्या ओघात विसरायला होतं. ‘माझा चेहरा पांढराफटक पडला’ हे समोरच्याचं वाक्य आहे. ‘मी’साठी आतून जाणवणारे वाक्प्रचार वापरा : पोटात गोळा येणं, तोंडाला कोरड पडणं, कानशिलं तापणं, हातपाय गळणं, तळपायाची आग मस्तकात जाणं, जीव भांड्यात पडणं. दुसऱ्याचं वर्णन करताना दिसणारे : कपाळाला आठ्या पडणं, डोळे विस्फारणं, नाक मुरडणं, दातओठ खाणं, नजर चोरणं, तोंड एवढंसं होणं. दुसऱ्याच्या पोटातला गोळा तुम्हाला तेव्हाच कळतो, जेव्हा कथेने त्याच्या मनात शिरायची परवानगी आधीच घेतलेली असते. काही वाक्प्रचार दोन्हीकडे चालतात. अंगावर काटा स्वतःला जाणवतो आणि जवळच्याला दिसतोही.

एका परिच्छेदावर हे सगळं लावून पाहू. कच्चा मजकूर असा :

‘निकाल ऐकून मी खूप भावनिक झालो. माझा चेहरा पांढराफटक पडला. बाबा उदासीन होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर दुःख, चिंता आणि निराशा या भावना होत्या. धाकटी बहीण केविलवाणी झाली होती. आईने शांतपणाचा आव आणून मला धीर दिला.’

दुरुस्त केलेला :

‘निकाल ऐकून माझे हातपाय गळाले. गळा दाटून आला. बाबा खिन्न दिसत होते. हातातल्या कागदाची घडी घालत होते, उघडत होते. धाकटी रडवेली झाली होती. आई वरून शांत होती. तिने मला धीर दिला.’

‘भावनिक’ गेला, कारण तो माणसाचा शब्द नाही. पांढरा चेहरा गेला, कारण सांगणाऱ्याला तो दिसत नाही. ‘उदासीन’मुळे बाबांना मुलाची पर्वा नाही असा अर्थ निघत होता. तीन भावनांच्या यादीतून काहीच दिसत नव्हतं, कागदाच्या घडीतून चिंता दिसते. धाकटीच्या बाबतीत ‘केविलवाणी’ने सांगणाऱ्या भावाची कीव सांगितली होती, तिचं रडू राहूनच गेलं होतं. आईचा ‘आव’ तिला खोटं पाडत होता, आणि ती खोटी वागत नव्हती. ‘वरून शांत’ एवढ्यात आत काही वेगळं चाललं असावं हे येतं. ते काय, हे सांगणाऱ्या मुलाला तेव्हा ठाऊक नाही, म्हणून वाक्यही तेवढ्यावरच थांबतं.